परशुराम मिस्त्रीचं पांढरं फडकं

अरे हर्षित, बंद कर ती बाइक आधी! सायलेन्सर बदलून आणलास ते अख्ख्या कोपर गावाला कळलं आता. बस इथे. निशा, तूही बस. धुराचं आणि आवाजाचं एवढं वेड आहे ना, मग एका गाडीची गोष्ट ऐका. माझ्या ओळखीतल्या माणसाची आहे. मी तीस वर्षं ट्रक चालवला, त्यामुळे मिस्त्री लोक मला खोटं सांगत नाहीत. निदान गाडीबाहेरचं तरी.

शीळ रोडला समोरासमोर दोन गॅरेज होती. एक परशुरामचं, एक महेंद्रचं. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. पण महेंद्रच्या दारात गाड्यांची रांग, आणि परशुराम स्टूल टाकून ती रांग बघत बसलेला. पोटात नुसती आग. मला म्हणायचा, "विठ्ठलराव, त्याच्यात असं काय आहे हो?"

होतं ते त्याच्या हातात. धूर बघायचा तर परशुराम उस्तादानं शिकवल्यासारखं पांढरं फडकं पाइपपुढे धरायचा. कोरडी काजळी आली तर डिझेल जास्त जातंय, तेलकट ठिपके आले तर इंजिन ऑइल जळतंय. महेंद्रला फडकं लागायचंच नाही. तो उघडा पंजा झोतात धरायचा, वास घ्यायचा आणि दुखणं सांगायचा. बरं, पंजा तरी धड होता का? उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच, फॅन बेल्टमध्ये गेलेलं. तेवढ्यावर तो परशुरामला चिडवायचा, "काय धोबी, आज किती कपडे?" सगळा शीळ रोड हसायचा. परशुराम पण हसायचा. आतून जळायचा.

मग महेंद्रला कावीळ झाली आणि आठवड्यात माणूस गेला. गिऱ्हाईक परशुरामकडे आलं. पण जो येईल तो बॉनेट उघडता उघडता म्हणणार, "महेंद्रभाऊ असते तर..." जिवंतपणी केला तेवढा छळ कमी होता की काय!

आता ऐका. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, दत्तजयंतीच्या आदल्या रात्रीची. कळव्याचा सर्वेश आपला ट्रक घेऊन आला. हा ट्रक म्हणजे महेंद्रचं शेवटचं काम. इंजिनात हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवलेला, सायलेन्सर काढून केबिनमागून बाजूला सरळ पाइप काढलेला. भरल्या गाडीनं मुंब्रा बायपासचा चढ असा चढायचा की बाकीचे ड्रायव्हर खिडकीतून बघत राहायचे. तो आता निळा धूर सोडत होता. निळा म्हणजे ऑइल. सर्वेशचं घर त्या एका गाडीवर. तो म्हणाला, "परशुरामभाऊ, काय ते बघा. फक्त जमलं तर महेंद्रभाऊंचं काम उखडू नका."

झालं. ते ऐकलं आणि परशुरामचं डोकं फिरलं.

खरं सांगायचं तर दुखणं त्याला पहिल्या नजरेतच दिसलेलं. टर्बोतलं तेल खाली परत नेणारा एक रबरी पाइप असतो. नवा भोंगा बसवताना कुणीतरी त्याच्यावर पट्टी आवळलेली. पाइप चेपला, तेलाला खाली वाट नाही, म्हणून ते धुरातून बाहेर. पट्टी सैल केली की काम संपलं. महेंद्रच्या कामात खोट नव्हती, आणि परशुरामला तर खोटच हवी होती. तो म्हणाला, "इंजिन उघडावं लागेल. पिस्टनच्या रिंगा गेल्या. हे सगळं काढून कंपनीचं बसवू. वाट लावून ठेवलीय त्यानं गाडीची."

सर्वेशचा चेहरा पडला. "नक्की?"

"इंजिन थंड होऊ दे. फडक्यावर दाखवतो."

हेतू हा की सकाळी ते तेलकट फडकं चहाच्या टपरीवर सगळ्यांना दाखवायचं. बघा तुमच्या महेंद्रची कारागिरी.

बारा वाजून गेलेले. रस्ता रिकामा. सर्वेश केबिनमध्ये चढला. परशुरामनं नवं फडकं काढलं, दोन्ही हातांनी ताणून पाइपपुढे धरलं आणि ओरडला, "मार स्टार्टर!"

इंजिन धडधडलं. निळा धूर सुटला.

"रेस दे!"

आवाज वाढला. धूर वाढला. फडक्याच्या कडा फडफडायला लागल्या. पण मध्ये... मध्ये काहीच नाही. झोत लागत नव्हता. ऊब लागत नव्हती. जसं काही कुणीतरी आडवं आलेलं.

परशुराम एक पाऊल पुढे सरकला. तरी तेच.

केबिनमधून सर्वेशनं आरशात बघितलं. "भाऊ..."

"रेस दे म्हटलं ना!"

"भाऊ, तुमच्यापुढे कोण उभंय?"

परशुरामपुढे धूर होता. फक्त धूर.

"पाठमोरा आहे," सर्वेश म्हणाला. "वाकलाय. वास घेतोय..."

इंजिन बंद झालं. आपोआप. धूर खाली बसला. कुणी नव्हतं. परशुरामनं फडकं बल्बखाली धरलं.

सगळं काळं. तेलकट. आणि मधोमध पांढराशुभ्र पंजा. चार बोटं पुरती. मधलं अर्धं.

...

थांब निशा, पुढे आहे.

परशुराम तिथेच बसला. मग उठला, पट्टी सैल केली आणि सर्वेशला सगळं खरं सांगितलं. ट्रक अजून पळतोय, महेंद्रचं काम अंगावर घेऊन. धूर नाही.

ते फडकं सर्वेशनं हौसेनं गॅरेजच्या भिंतीवर लावलं. बातमी पसरली. मग काय! गिऱ्हाईक यायचं, आधी फडक्याला हात जोडायचं आणि मग परशुरामला किल्ली द्यायचं. महिनाभर त्यानं सोसलं. भीती गेली, पण जळफळाट जाईना. मला म्हणाला, "विठ्ठलराव, मेल्यावर पण नंबर त्याचाच!" आणि एका संध्याकाळी त्यानं ते फडकं डिझेल ओतून जाळलं. राख मी बघितली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडेच बसलेलो. एक टेम्पो आला. परशुरामनं दुकानातून आणलेलं कोरं फडकं घेतलं, वरचा कागद फाडला, आणि माझ्यासमोर घडी मोडली.

पांढरं फडकं. मधोमध काळा पंजा.

मधलं बोट अर्धं.