लग्नाच्या कॅसेटमधल्या मुंग्या

"हे पुसलं कोनी, एवढंच मले सांगा," जया म्हणाली आणि कापडी पिशवीतून व्हिडिओ कॅसेट काढून तिने टेबलावर ठेवली.

सीताबर्डीतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानावरची ती खोली आनंदराव गजभियेंची होती. पोलिसांच्या वायरलेस खात्यात सारी उमर घालवून ते निवृत्त झाले आणि खासगी तपासाची पाटी लावून बसले. सोबतीला बळीराम. हा एस.टी.त कंडक्टर होता. बायको गेल्यापासून घरात बसवेना, म्हणून इथे येऊन बसायचा. तपासात त्याचा उपयोग काय, हे आनंदरावांना कोणी विचारले नव्हते, आणि बळीरामनेही भीतीपोटी तो विषय काढला नव्हता.

जया पंचविशीच्या आतबाहेरची असावी. बोलत होती ती दुसऱ्या कुणाचा पत्ता सांगितल्यासारखी. उमरेडच्या नंदनवारांची ती सून. नवरा श्रावण टीव्ही आणि व्हिडिओ मशीन दुरुस्त करायचा. गेल्या वर्षी उमरेड रोडवर ट्रकने त्याच्या स्कूटरला उडवले. परवा वर्षश्राद्ध झाले, पाहुणे जमले, आणि सासूने लग्नाची कॅसेट लावायला सांगितली.

"बँडवाले दिसले, पाहुणे दिसले. यायले घोड्यावर बसवून राहिले होते, अन् एकदम मुंग्या. शेवटपर्यंत मुंग्याच. यायचं हलतं-बोलतं दुसरं काहीच नाही घरात."

"अन् पुसल्याचं नाव तुमच्यावर आलं?"

"माहा भाऊ माहेरून, कुहीहून, दुसऱ्या लग्नाचं विचाराले आला होता. मी नाही म्हनलं. पन आई, म्हंजे सासू, म्हनते, तूच पुसलं, म्हंजे मोकळी होशीन. रविवारी भाऊ घ्याले येनार आहे. पोराचं तोंड पुसनारी या घरात नको, म्हनते."

"तुम्हाले जायचं नाही?"

"जाऊ का राहू, थे मंग पाहीन. पन हे नाव घेऊन नाही जानार."

बळीरामने तो सपाट आवाज ओळखला. बायको प्रयागबाई गेली तेव्हा भेटायला येणाऱ्यांना त्यानेही असेच सगळे सांगितले होते, कुठला ताप, कुठला दवाखाना. आताही या पोरीबद्दल त्याला काही वाटायला हवे होते. वाटले नाही, आणि त्याची त्याला लाज वाटली.

आनंदरावांनी खालच्या दुकानातून मशीन वर आणवले. आधी त्यात दुसरीच कॅसेट घातली. चित्र स्वच्छ आले.

"मशीनचं डोकं, म्हंजे हेड, साफ आहे. आता तुमची लावू."

बँड वाजला, फेटे बांधले गेले, घोडा आला. मुंडावळ्या बांधलेला एक हसरा पोरगा रिकिबीत पाय ठेवायला वाकला, चित्र एकदा उसळले आणि पडदाभर मुंग्या झाल्या. आवाजही गेला, नुसती खरखर राहिली. आनंदरावांनी पट्टी पुढे पळवून पाहिली. शेवटपर्यंत तेच. जया पडद्याकडे पाहतच नव्हती.

"रेकॉर्डिंगचं बटन दाबलं कोनीतरी," बळीरामने निकाल देऊन टाकला. "नाही त लोहचुंबक लागला."

"चुंबकानं जागोजागी डाग पडले असते गा. असं सुरीनं कापल्यासारखं नसतं गेलं."

त्यांनी कॅसेट उलटी केली. पाठीवर एक चौकोनी भोक होते. "ही खुंटी कोनी मोडली?"

"यायनंच. लग्नाची कॅसेट आली की पहिले खुंटी मोडाची, म्हंजे वरून काही रेकॉर्ड होत नाही, म्हने."

आनंदरावांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवले. आत जुनी धूळ घट्ट बसली होती. मग पुढचे झाकण उचलून हळूच फुंकर मारली. त्यांच्या नखावर करडी भुकटी आली.

"देवाजवळ ठेवता का?"

"हो. यायच्या फोटोपाशी. आई उदबत्ती लावते."

खालच्या स्क्रूंकडे ते जरा जास्तच वेळ पाहत राहिले. मग विचारले, "मशीन घरी कोन चालवते?"

"ईश्वरदास चालवते, माहा दीर. मले येते. आईले नाही येत. मामाजी, माहे सासरे, त मशीनले हातच लावत नाही. ठेवलं मातर त्यायच्याच हातमागाच्या खोलीत."

दुसऱ्या दिवशी दोघे एस.टी.ने उमरेडला गेले. कंडक्टरने बळीरामला ओळखले, वहिनी कशा आहेत म्हणून विचारले. बळीराम "बऱ्या आहे" म्हणाला. खरे सांगायचा त्याला कंटाळा आला होता.

भागीरथाबाई ओसरीवरच भेटल्या. "तपास कायचा करता? घरात चोर आहे अन् तुमी बाहेरून पाव्हने!"

"बाई, तुमी सुनेले पुसताना पाहिलं?"

"पाहाले काय लागते? दुपारी मी देवळात जातो, थे शिवनक्लासले जाते म्हनते. जाते का नाही, कोनाले माहीत? पोरगा एकदा नेला देवानं, दुसऱ्यांदा इनं नेला."

"कॅसेटवर अंगारा वगैरे लावता?"

"काहून लावीन? फोटोले हार घालतो. उदबत्ती हातभर दूर असते." एवढे बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला, पण डोळे कोरडेच होते.

ईश्वरदास विशीतला, चिडका. "साऱ्यायले वाटते, मी त्याच्यावर क्रिकेटची मॅच घेतली. मी काय पागल आहो? अन् खुंटी मोडल्यावर रेकॉर्ड होते काय? भोकावर चिकटपट्टी लावा लागते."

"तुमी नाही लावली?"

"भावाची शप्पथ. भाऊ गेल्यापासून मी कॅसेट पाहिलीच नाही. पाहवतच नाही, त घेऊ काय?"

मागाच्या खोलीत वामनराव बसले होते, श्रावणचे वडील. हातमागावरचा उभ्या सुतांचा जुना ताणा संपत आला होता आणि नव्या ताण्याचे एकेक टोक जुन्या टोकाला जोडणे चालले होते. पुढ्यातल्या वाटीत बोटे टेकवायची, दोन टोके चिमटीत धरून पीळ द्यायचा, पुढचे सूत घ्यायचे. बोटे करडी झाली होती. फळीवर धोट्यांच्या रांगेत स्क्रू काढायचा एक बारीक पेचकस पडला होता. कोपऱ्यात टीव्ही आणि मशीन धुतल्या पंच्याखाली झाकलेले.

"दादाजी, कॅसेटचं काही सांगता?"

म्हाताऱ्याने वर पाहिले नाही. "मले काय समजते त्याच्यातलं? तुटली त तुटली. नशीबच तसं."

आणि पुन्हा बोटे वाटीत गेली. बळीरामला त्या हातांचे कौतुक वाटले. दोन सुते जोडली की कुठे जोडली, ते दिसतही नव्हते.

आनंदराव बाहेर येऊन म्हणाले, "बोलव साऱ्यायले. इथंच, मागाच्या खोलीत."

"समजलं?" बळीरामने विचारले.

"तूही सारं पाहिलं न गा. मीच काय वेगळं पाहिलं?"

बळीरामने प्रामाणिकपणे आठवून पाहिले. त्याला भागीरथाबाईंचे कोरडे डोळे तेवढे आठवले.

सगळे जमले. जया दाराशी उभी राहिली, सासूपासून होईल तितकी दूर.

"पहिली गोष्ट," आनंदराव म्हणाले, "ही कॅसेट कोनी पुसलीच नाही. खुंटी मोडलेली आहे. वरून रेकॉर्ड कराचं त भोकावर चिकटपट्टी पायजे, अन् मंग भोकाच्या कडेले गोंद राहिला असता, धूळ निघाली असती. धूळ जशीच्या तशी आहे."

"मंग मुंग्या कायच्या?" भागीरथाबाई तडकल्या.

"सांगतो. झाकनाच्या आत राख आहे. उदबत्तीची म्हनावी, त थे हातभर दूर. अन् राख बाहेरून उडून आली असती, त वर बसली असती. हे आतून लागली, कोनाच्या तरी बोटानं. स्क्रूवर ताजे ओरखडे आहे. म्हंजे कॅसेट उघडली गेली. कोन उघडन? ईश्वरदास उघडन, पन त्याच्या बोटाले राख काहून राहीन? जयाबाईले मशीन येते, पन बोटाले राख लावून सूत जोडाचं काम येत नाही."

बळीरामची नजर वाटीकडे गेली. तेवढ्यात वामनरावांनी ती मांडीआड सरकवली.

"अन् शेवटची गोष्ट. या घरात सारे म्हनतात, कॅसेट पुसली. जयाबाई पुसली म्हनते, आई पुसली म्हनते. एकट्या दादाजींनी म्हटलं, तुटली. बळीरामले वाटलं, सुताचं बोलून राहिले. मलेही क्षनभर तसंच वाटलं."

आनंदरावांनी फळीवरचा पेचकस घेतला आणि कॅसेट सर्वांसमोर उघडली. पट्टी हळूहळू ओढत नेली. एका जागी ती तुटून पुन्हा चिकटवून जोडलेली होती, इतकी नेटकी की जोड बोटालाच लागावा. जोडावर राखेचा हलका हात होता.

"जोड एक नंबर आहे. पन दादाजी, सूत गोल असते. कसंही फिरलं त काही बिघडत नाही. सारी उमर तुमाले हे पाहाच लागलं नाही. या पट्टीले मातर पाठ अन् पोट आहे. चित्र सारं एकाच अंगाले. जोडताना अर्धा वळसा पडला, अन् तिथून पुढं पट्टी मशीनले पाठ दाखवत गेली. मशीनले पाठीवर काय दिसन? मुंग्या."

वामनरावांनी मांडीआडची वाटी पुन्हा पुढे सरकवली. मग बोलले ते जमिनीकडे पाहून.

"दुपारी कोनी नसे. मी लावत होतो. त्याले करताना पाहिलं होतं, तसंच बटन दाबत होतो. घोड्यापाशी आलं की मांगं न्याचो, पुन्हा पाह्याचो. एक दिवस मशीननं पट्टी खाल्ली. मी जोडली, पन लावून पाह्याची हिंमत नाही झाली. वर्षश्राद्धाले मुंग्या आल्या, तवा समजलं, आपल्याच हातानं गेला."

"अन् माह्यावर नाव आलं तवा?" जयाने विचारले. आवाज तसाच सपाट.

"तोंडच नाही उघडलं, पोरी."

आनंदरावांनी जोड कापला, वळसा काढला, पट्टी चिकटपट्टीने नीट सांधली. "एकदा पाहून घ्या. मंग दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घ्या. असा जोड मशीनच्या डोक्याले बरा नाही."

ईश्वरदासने पंचा काढून मशीन लावले. घोडा आला. पोरगा वाकला, चित्र उसळले, आणि तो घोड्यावर होता. कोणीतरी काही म्हणाले आणि तो मान मागे टाकून हसला. आवाजासकट.

कोणी रडले नाही. ज्यासाठी एवढे झाले ते समोर होते, आणि सगळे नुसते पाहत बसले. बळीरामही पाहत होता. प्रयागबाई कशी हसायची, ते त्याने आठवून पाहिले. तिचे दात दिसले, कुंकू दिसले, आवाज काही येईना. तेव्हा कुठे त्याला ते दुखले. किती महिन्यांनी दुखले होते!

मंगलाष्टके संपली. भागीरथाबाई उठून जयाजवळ गेल्या. "चुकलं वं माहं. भावाले सांग, येऊ नको म्हना. तू इथंच राह्य."

जयाने पडद्याकडे एकदा नीट पाहिले.

"मी जाऊन राहिली, आई. रविवारची वाट नाही पाहत. आता कुहीची गाडी आहे."

"आता काहून? तू पुसलं नाही, हे समजलं न साऱ्यायले!"

"समजलं. या पट्टीनं सांगतलं म्हनून समजलं. वर्षश्राद्धापासून मी माह्या तोंडानं सांगून राहिली होती."

जया आत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. पिशवी भरलेली होती, म्हणजे ती आधीच भरून ठेवलेली असणार. तिने सासऱ्याच्या पाया पडून घेतले, आनंदरावांना हात जोडले आणि ओसरी उतरली.

वामनराव उठले. चपला न घालताच तिच्यामागे गेले, राखेच्या हातांनी तिची पिशवी धरू लागले. ती सोडेना, ते ऐकेनात. ईश्वरदास "वयनी, वयनी" करत धावला. भागीरथाबाई उंबऱ्यापर्यंत आल्या, थबकल्या आणि मग त्याही रस्त्यावर उतरल्या.

आनंदरावांनी बळीरामला खूण केली, चल. निघताना बळीरामने मागे पाहिले. मागाच्या खोलीत टीव्ही चालूच होता. श्रावण पंगतीत फिरून लोकांना जिलबीचा आग्रह करत होता, आणि त्याला पाहायला घरात कोणीच उरले नव्हते.