रामटेके मास्तरांची मुलगी

काम तसं साधंच होतं. जायचं, एका म्हातारीला बघायचं आणि चार ओळींचं टिपण लिहायचं.

टेक्ससमधल्या एका काउंटीच्या प्रोबेट कोर्टात दीपा स्टाफ अटर्नी, म्हणजे कोर्टाच्या नोकरीतली वकील होती. मृत्युपत्रं, वारस, आणि ज्यांना स्वतःचं बघता येत नाही अशा माणसांसाठी पालक नेमणं, हे या कोर्टाचं काम. खुर्चीवर जज्ज बसायचे, पण त्यांच्यापुढे जाणारी प्रत्येक फाइल आधी दीपाच्या हाताखालून जायची. ती टिपण लिहायची आणि जज्ज बहुतेक वेळा त्याखाली सही करायचे. इतका तिच्यावर विश्वास होता, आणि त्या विश्वासाचा तिला अभिमानही होता.

२००४ च्या सप्टेंबरात जज्जसाहेबांनी एक फाइल तिच्या टेबलावर ठेवली. "तुमच्या देशातल्या बाई आहेत. लिंडाबरोबर जाऊन एकदा भेटून या."

रत्नाबाई मेश्राम, वय शहात्तर, मूळ गाव नागपूर. मुलगा अनिल इंजिनियर होता, याच काउंटीतल्या प्लेनोला राहायचा. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. जुलैत तो हार्ट अटॅकने गेला आणि तेव्हापासून म्हातारीचं भान मधूनमधून सुटायला लागलं. रस्त्यावर भटकताना पोलिसांना सापडली आणि त्यांनी तिला हॉस्पिटलात ठेवलं. तिची भाषा कुणालाच कळेना.

नागपूर हा शब्द दीपाने दोनदा वाचला. ती स्वतः नागपूरची, इंदोऱ्याची. रामटेके मास्तरांची एकुलती एक मुलगी. पण अमेरिकेत आल्यावर तिने आडनावाचं शेपूट कापलं आणि ती दीपा राम झाली. लोक तिला तेलुगू समजायचे, कुणी तमिळ समजायचे, आणि ती कुणाचंच खोडून काढायची नाही. महाराष्ट्र मंडळाच्या वाटेला तर ती कधी गेलीच नाही. तिथल्या काकू आडनाव विचारतात, मग गाव, मग गावातला भाग, आणि मग क्षणभर गप्प होतात. ती गप्प होण्याची जागा दीपाला लहानपणापासून पाठ होती. ज्या बापाने तिला 'मान वर करून चाल' असं शिकवलं, त्याचं नाव लपवून ती इथे मान वर करून चालत होती.

हॉस्पिटलच्या खोलीत दुपारचं ऊन होतं. रत्नाबाई खिडकीशी बसल्या होत्या. दीपा आत आली तशी त्यांनी मान वळवली, निरखून बघितलं, आणि त्यांचा चेहरा फुलला.

"जय भीम, पोरी! तू रामटेके मास्तरची पोरगी होय ना व? तोंड अगदी मास्तरचंच हाये!"

लिंडा, कोर्टाची तपासनीस, आशेने दीपाकडे वळली. "तुला कळतंय ती काय म्हणतेय?"

विचार करायलाही वेळ नव्हता. दीपाच्या तोंडून निघून गेलं, "नाही. आमच्याकडे खूप भाषा आहेत. मला हिची येत नाही."

रत्नाबाईंनी तिचा हात धरला. "मले नागपूरले धाड व माय. माही लहान बहीण हाये तेथं. सुमित्रा गजभिये. इंदोरा चौक, विहाराच्या मागं. लिहून घे..." त्यांनी पत्ता तीनदा सांगितला, शाळेतल्या पोरीसारखा, न चुकता. दीपा पेन हातात धरून बसली आणि कागदावर एक अक्षरही उमटलं नाही.

त्या संध्याकाळी तिने टिपण लिहिलं. संवाद शक्य नाही. नातेवाईक आढळले नाहीत. जज्जसाहेबांनी खाली सही केली. एका एजन्सीला पालक नेमलं गेलं आणि एजन्सीने रत्नाबाईंना पश्चिमेकडे दोन तासांवरच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. दीपाने फाइल कपाटात लावली. पुढे काही दिवस तिला घास गोड लागला नाही, पण माणूस कशालाही सरावतो, तशी तीही सरावली.

वर्षाने एजन्सीचा अहवाल आला. त्या छापील फॉर्मवर एक प्रश्न असतो : भेटायला कोण येतं? बहुतेक फॉर्मवर तिथे नुसती रेघ असते. रत्नाबाईंच्या फॉर्मवर लिहिलं होतं : 'मुलगी. दर गुरुवारी.'

रत्नाबाईंना मुलगी नव्हती. दीपाने नर्सिंग होमला फोन लावला आणि आपलं नाव न सांगताच विचारलं, "मिसेस मेश्रामना भेटायला कोण येतं?"

पलीकडची बाई हसली. "ओळखला आवाज, दीपा! काल काही विसरलात का?"

तो शुक्रवार होता.

पुढच्या गुरुवारी तिने रजा टाकली आणि गाडी काढली. दोन तास सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत. नर्सिंग होमच्या दारात फिनाइलचा आणि उकडलेल्या भाज्यांचा वास कोंडून राहिला होता. काउंटरवर वही उघडी होती. पानामागून पान, दर गुरुवारी एक सही, आणि सगळ्या देवनागरीत. दीपा रामटेके. दीपा रामटेके. अक्षर तिचंच होतं. बाबांनी पाटीवर गिरवून घेतलेला तो वळणदार 'द' दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नव्हतं.

तिला पाहून नर्स चमकली. "अहो, तुम्ही तर आत्ताच आत गेलात ना?"

कॉरिडॉर लांबलचक होता. एका दिव्याची ट्यूब फडफडत होती. जसजशी ती पुढे जाऊ लागली तसतसा फिनाइलचा वास मागे पडला आणि लसणाच्या फोडणीचा वास यायला लागला. शेवटच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून बोलण्याचा आवाज येत होता.

तो तिचाच आवाज होता. पण असा मोकळा, असा हसरा, की अमेरिकेतल्या बारा वर्षांत तो तिच्या स्वतःच्या कानावर आला नव्हता.

"...जेवली का व मावशी? ...बाबा बरे हायेत. वाट पाहून राह्यले माही. आता जाऊ आपण... दोघीही जाऊ..."

दीपा दाराशी थांबली. भीती तर होतीच, पण भीतीपेक्षा मोठी होती ती लाज. दाराआड जे काही बसलं होतं, ते तिने करायचं काम करत होतं. एक वर्ष, न चुकता, दर गुरुवारी.

तिने दार ढकललं. खोलीत रत्नाबाई एकट्याच होत्या. केसांना ताजं तेल, घट्ट वेणी. समोर एक रिकामी खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर दीपाने हात टेकला, तर प्लास्टिक कोमट होतं.

"मावशी," दीपा म्हणाली. "जय भीम, मावशी. मी रामटेके मास्तरांची... मी त्या दिवशी खोटं बोलले. मला सगळं कळत होतं."

रत्नाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. कपाळाला आठी पडली. मग त्या रिकाम्या खुर्चीकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे कोण बाई हाये व? काय बोलते, मले तं काहीच समजत नाही."

दीपाने पुन्हा सांगितलं. हात जोडून सांगितलं, रडत सांगितलं. म्हातारी घाबरून खुर्चीच्या बाजूला सरकली, जणू तिथे बसलेल्याच्या पदराआड. शेवटी नर्सने येऊन दीपाला बाहेर नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जज्जसाहेबांपुढे उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. अर्थात भाषेबद्दलचं आणि पत्त्याबद्दलचं. वहीचं आणि खुर्चीचं सांगायला तोंड उघडलं नाही. जज्जसाहेबांनी एकच विचारलं, "पण का?"

लिंडा कोपऱ्यात उभी होती आणि दीपाकडे बघतही नव्हती. महिनाअखेर राजीनामा द्यावा, असं ठरलं. दीपाला ते रास्तच वाटलं.

पत्ता मात्र तिच्या डोक्यात तसाच होता. तो आता कागदावर उतरला. सुमित्राबाई सापडल्या, कोर्टाने हुकूम काढला आणि डिसेंबरात रत्नाबाई एजन्सीच्या नर्सबरोबर विमानात बसल्या. नर्सने परत आल्यावर कळवलं की प्रवास छान झाला. पलीकडची सीट रिकामीच होती, आणि म्हातारी सगळी वाट त्या सीटशीच गप्पा मारत होती.

त्यानंतरच्या रविवारी, सकाळच्या उजेडात, दीपाने कॉलिंग कार्डावरचा गुप्त आकडा खरवडून काढला आणि नागपूरचा नंबर फिरवला. चार महिन्यांत तिने बाबांना फोन केला नव्हता, आणि सहा वर्षांत घराचं तोंड पाहिलं नव्हतं. आज ती सगळं सांगणार होती. आडनाव कापल्याचं, नोकरी गेल्याचं, सगळं. आणि मग विचारणार होती, बाबा, मी घरी येऊ का?

"हॅलो, कोण?" बाबांचा आवाज ठणठणीत होता. आनंदी होता.

"बाबा, मी दीपा."

बाबा, परक्या माणसाशी बोलावं तशा सभ्यपणे म्हणाले, "आपल्याला कोण पाहिजे?"

"बाबा... मी बोलतेय. तुमची दीपा. अमेरिकेहून."

"बाई, तुमचा काही घोटाळा होतोय. दीपा तर घरी आली आहे. रत्नाबाईंना घेऊन आली, आठ दिवस झाले. आता जायची नाही म्हणते." ते हसले. त्यांच्या हसण्यामागे स्वयंपाकघरात कुणीतरी भाकरी थापत होतं. थाप, थाप, थाप. "तिच्याशीच बोलायचं असेल ना तुम्हाला? थांबा. बोलावतो."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला. अनवाणी पावलं फोनच्या दिशेने येऊ लागली, सावकाश, आपल्या घरातून चालणाऱ्या माणसाची. अमेरिकेतल्या आपल्या उजेडाच्या खोलीत दीपा रिसीव्हर कानाला लावून उभी होती, आणि काही केल्या तिच्याने तो खाली ठेववत नव्हता.