नात्याचा रकाना

"पोरांना पगाराची स्लिप वाचायला लावणाऱ्या मॅडम तुम्हीच व्हय?"

कोडोलीच्या आमच्या हायस्कूलच्या व्हरांड्यात तो निथळता रेनकोट घालून उभा होता. नववीतल्या संघप्रियाचा थोरला भाऊ, प्रसेनजीत. आईबाप नसलेल्या घरातला एकटा कमावता. मी गृहपाठ दिला होता – घरातली पगाराची स्लिप आणा, कापलेला एकेक रुपया कुठं जातो ते शोधा.

"तिचं काही चुकलं का?"

"तिचं न्हाय, कंपनीचं. चार वर्षं पीएफ कापत्यात... भरलाच न्हाय की." मग रेनकोटची टोपी मागं सारत, "गृहपाठाला दहापैकी किती?"

"दहा."

"मग च्या तरी पाजा."

मी हसले. तिथंच फसले.

पुढं दर शनिवारी पाळी संपवून तो कागलच्या एमआयडीसीतून यायचा. तक्रारीचा अर्ज मी लिहायचे. तो अर्जाकडे कमी आणि... जाऊ दे. "तुमच्या वर्गात असतो तर नापास झालो असतो," म्हणायचा. "मुद्दाम."

अर्ज पीएफ ऑफिसात पोचला. तिसऱ्या दिवशी कंपनीनं त्याला गेटवरच अडवलं. शेजारच्या कारखान्यांत त्याच्या आधी त्याचं नाव पोचलं होतं. माझ्या गृहपाठानं त्यांची चूल थंड केली, असं कुणी म्हणालं नाही. फक्त संघप्रिया वर्गात प्रश्न विचारेनाशी झाली. इकडे माझ्या वडिलांना, आण्णांना, त्याचं आडनाव कळलं, आणि त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

नोव्हेंबरात त्याला चाकणला काम मिळालं. संघप्रियाला कोल्हापुरात वसतिगृहात सोडून तो एसटी स्टँडवर आला, तेव्हा मी निरोप द्यायला तिथं थांबले होते. हातात नव्या बँक खात्याचा फॉर्म. नॉमिनी म्हणून माझं नाव.

"संघप्रियाचं घाला की," मी म्हटलं.

"ती अजून लहान हाय."

"नॉमिनी मालक नसतो, प्रसेनजीत. वारसासाठी नुसता सांभाळतो."

"तेच म्हणतोय मी." तो गाडीच्या पाटीकडे बघत राहिला. "मला काय झालं तर तिला सांभाळंल असं... दुसरं माणूस न्हाय माझ्याकडं."

माझ्या नावापुढं नात्याचा रकाना कोरा होता.

"हे?"

"त्ये तुम्ही भरा. मी एकट्यानं लिवून काय हुतंय?"

कंडक्टरनं घंटी मारली. मी फॉर्म पर्सवर टेकवला आणि लिहिलं – होणारी पत्नी.

त्यानं वाचलं. दोनदा.

"मॅडम... ह्यात खाडाखोड चालत न्हाय न्हवं?"

"नाही चालत."

फॉर्म न दुमडता छातीशी धरून तो गाडीत चढला.