गडू आग्रह करायला शिकतो

गडूने तीन दिवसांत एकही चूक केली नव्हती. आणि तरीही त्या तीन दिवसांत दामूअण्णांच्या घरी एकदाही डबा पोचला नव्हता. असं कसं?

नऊ वर्षांची चैत्राली याच कोड्यात अडकली होती. ती राहायची वारेमाळावर. पवनचक्क्या सांभाळणाऱ्या चाळीस घरांची ही वसाहत. सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर, आणि डबे पोचवायला गडू नावाचा गोलमटोल यंत्रमानव. दामूअण्णांनी उभा जन्म चक्क्यांवर चढण्यात घालवला होता. सध्या मात्र पाय प्लास्टरमध्ये, आणि घरात एकटेच. त्यांना गडूने काय विचारायचं आणि उत्तरावर काय करायचं, हा फॉर्म चैत्रालीने स्वतः बनवला होता.

"दाखव बघू तुझी आकृती," आत्याआजी म्हणाली. बाबांची ही आत्या पूर्वी यंत्रमानव घडवायची.

चैत्रालीने पाटीचा पडदा उजळला. त्यावर रंगीत ठोकळे होते. बोटाने ठोकळा ओढायचा, हव्या जागी सोडायचा आणि पुढच्याला बाणाने जोडायचा. झाला कार्यप्रवाह (कामाची ठरलेली वाट)! गडू त्याच वाटेने चालायचा.

पहिल्या ठोकळ्यात प्रश्न होता, 'डबा आणू का?' त्याखाली गडूच्या पोटावर उमटणारी दोन बटणं. 'हो' दाबलं की बाण स्वयंपाकघराकडे, 'नको' दाबलं की 'काम संपलं'कडे. उत्तर पाहून वाट निवडणारी ही अट (असं असेल तर हे, नाहीतर ते).

"अण्णा रोज 'नको' दाबतात. त्यांना भूक नसेल."

"जाऊन विचारलंस का? फॉर्म भरणारा माणूस काही पाटीत राहत नाही, बाई."

दोघी अण्णांकडे गेल्या. उशाशी बिस्किटांचे चार रिकामे पुडे पडले होते.

"अण्णा, भूक लागते ना तुम्हाला? मग 'नको' का दाबता?"

अण्णा ओशाळले. "अगं, विचारल्याबरोबर हो म्हणायचं? हावरट म्हणतील मला! माणूस आधी नकोच म्हणतो. समोरच्याने आग्रह करायचा असतो. तुझा गडू 'ठीक आहे' म्हणतो आणि चालू लागतो!"

"मी आणू आत्ता?"

"नको." मग त्यांनी मिशीतल्या मिशीत हसून म्हटलं, "तुझी शाळा सुरू झाल्यावर कोण आणणार? बघू तुझ्या गडूला जमतं का."

चैत्राली तिथेच ओसरीवर बसली. सोपं आहे, तिला वाटलं. 'नको'चा बाण 'काम संपलं'पासून सोडवला आणि मागे ओढून पहिल्या प्रश्नाला जोडला. हे आवर्तन (तेच काम पुन्हा पुन्हा करणं).

गडू आला. "डबा आणू का?"

"नको," अण्णांनी दाबलं.

"डबा आणू का?"

"नको."

"डबा आणू का?"

सव्विसाव्या वेळी अण्णांनी चादर डोक्यावर ओढली. "अगं ए, थांबव याला! आग्रह करतोय की छळतोय?"

चैत्रालीने घाईघाईने गडू बंद केला. तिचे डोळे भरून आले. आत्याआजी तिच्या शेजारी येऊन बसली. तिने विचारलं, "तुझी आई कसा आग्रह करते गं?"

चैत्रालीने नाक पुसलं. "दोनदा विचारते. पण दुसऱ्यांदा वेगळं विचारते. आणि खरंच नको असलं, तर ओळखते."

आणि तिचं बोट भराभर चालू लागलं. मागे जाणारा बाण पुसला. 'नको'पुढे नवा ठोकळा ओढला, 'अण्णा, तुमच्या वाटचं केलंय. थोडंसं आणू?' त्याला दोन बटणं: 'बरं, थोडंसं' आणि 'खरंच नको'. आता आग्रह एकदाच होणार होता. 'खरंच नको'चा बाणही तिने 'काम संपलं'ला जोडला नाही. तिथे माणसाचा ठोकळा ठेवला: 'चैत्रालीला कळव.'

"हा कशाला?" आत्याआजीने विचारलं.

"खरंच नको म्हणाले, तर बरं नसेल त्यांना. ते गडूला नाही कळणार. मी येईन."

आत्याआजीने चष्मा काढून पदराने पुसला. "यंत्राने कुठे थांबायचं आणि माणसाने कुठून पुढे जायचं, हे उमगायला मला वीस वर्षं लागली होती," ती हळूच म्हणाली.

गडू पुन्हा दारात आला. "डबा आणू का?"

"नको."

"अण्णा, तुमच्या वाटचं केलंय. थोडंसं आणू?"

अण्णांचं बोट हवेतच थांबलं.

"आता इतकं म्हणतोयस तर..." अण्णांनी बटण दाबलं. 'बरं, थोडंसं.'

त्या 'थोड्याशा'त तीन भाकऱ्या, वाटीभर पिठलं आणि चुरचुरीत ठेचा संपला. दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला अण्णा हाक मारून सांगत होते, "हा फॉर्म आमच्या चैत्रालीने बनवलाय बरं!"

आठवडाभरात पलीकडच्या घाटातल्या वसाहतीने तिची आकृती मागितली. चैत्रालीने ती लगेच पाठवली नाही. आधी निरोप धाडला:

'मी रविवारी येते. तुमच्याकडे लोक कितव्यांदा हो म्हणतात, ते मला बघायचंय.'