बोर्डावर टोपी नव्हती

फोन फौजदारांचा होता.

"बाई, एक म्हातारा विजेच्या धक्क्यानं गेलाय. काल दुपारी घरात वॉशिंग मशीन दुरुस्त करत होता. सुनेनं मेन स्विच चालू केला. ती कबूलही करते. तुम्ही एकदा नजर टाकून जा, म्हणजे मी पुढचं करायला मोकळा."

"पुढचं म्हणजे?"

"तिला घेऊन जाणं."

विद्युत निरीक्षकबाईंनी पिशवीत टेस्टर, टॉर्च आणि भिंग टाकलं आणि त्या निघाल्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घराबाहेर चपला-बुटांची रांग लागली होती. उंबऱ्याच्या आत कुणी पायताण आणायचं नाही, अशी त्या घरातली शिस्त होती. फौजदारही मोज्यांवर उभे होते आणि एका मोज्यातून त्यांचा अंगठा जगाकडे बघत होता. बाईंनी आपल्या चपला काढल्या. शेजारी तपकिरी चामडी बुटांचा जोड होता. चकचकीत पॉलिश, पण दोन्ही टोकांवर पांढरी, नागमोडी रेघ. मीठ वाळल्यासारखी. बाईंनी ती पाहिली आणि त्या आत गेल्या.

आत बोळ होता. अरुंद, बिनखिडकीचा. बोळाच्या टोकाला मेन स्विचचा बोर्ड, आणि त्याला लागून स्वयंपाकघर. फरशी कोरडी होती. घर मात्र गप्प होतं, कुणीतरी दाराआडून ऐकत असल्यासारखं.

सून खुर्चीत बसली होती. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेले, जणू ते तिचे नव्हतेच. थोरला मुलगा, तिचा नवरा, खिडकीकडे तोंड करून उभा होता. धाकटा मुलगा तिच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आला.

"घ्या, वहिनी. तुमची काय चूक? माझी तरी काही तक्रार नाही, साहेब, लिहून घ्या."

तिनं पेला घेतला नाही. थोरला खिडकीबाहेरच पाहत होता. त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही.

"मला एक सांगा," बाई सुनेला म्हणाल्या. "घरात दुरुस्ती चालली होती, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं. बाबा काम करताना सगळं घर बंद करायचे. एका प्लगवर माझा भरवसा नाही म्हणायचे. मेन खाली पाडायचे आणि त्याच्यावर स्वतःची लोकरी टोपी अडकवायचे. टोपी दिसली की बोर्डाला कुणी हात लावायचा नाही."

"आणि काल?"

"टोपी नव्हती," ती म्हणाली. "ती दाराजवळच्या खुंटीवर होती. नेहमीच्या जागी."

"विसरले असतील," खिडकीजवळून थोरला पहिल्यांदा बोलला. "वय झालं होतं. पण हाक मारायला काय झालं होतं हिला? एक हाक!"

"अहो, बाबा त्या वेळी घरी नसतात, वाचनालयात असतात. मला वाटलं, वीज गेली असेल, नाहीतर मेन आपोआप पडला असेल."

"दारापासून सांगा," बाई म्हणाल्या. "घाई नको. जे आठवेल ते."

"दार नुसतं लोटलेलं होतं. चपला बाहेर काढल्या. आत काळोख होता, भिंतीला धरून चालले. बोर्डाखाली पाय घसरला, हात टेकला. उठले आणि बटण वर केलं. दिवा लागला. आतून घरघर आवाज आला. मशीनचा. मी आत गेले, तर बाबा..."

"घरघर कशी होती? कपडे धुताना येते तशी?"

"नाही. कोरडी. दाढेखाली वाळू यावी तशी."

"मग मेन तुम्ही बंद केला?"

"मी नाही. मी ओरडत होते. समोरच्या काकूंनी केला."

बाईंनी बोर्ड पाहिला. मेनचा खटका वर केला की चालू, खाली पाडला की बंद. टॉर्च लावून, भिंग घेऊन त्यांनी बराच वेळ त्याची खालची कड न्याहाळली. तिथे पांढरट डाग होता, बोटाच्या पेराएवढा. वरची बाजू स्वच्छ होती.

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. जुनं, फिरत्या खटक्याचं मशीन ओढून पुढे घेतलेलं, पाठ उघडी. त्याचा प्लग मागच्या भिंतीत तसाच खोचलेला होता. खटका पाणी उपसण्याच्या खुणेवर. पंपाची एक तार नवीन, नीट घट्ट बसवलेली. तिच्यावरचं प्लास्टिकचं टोपण तेवढं चढवायचं राहिलेलं. पाणी सोडायची तळाची गाळणी घट्ट बंद होती. टब रिकामा, आणि त्यात पिळून न काढलेले कपडे, साबणानं बुळबुळीत. पाणी उपसायचा पाईप जमिनीवर वेटोळं करून पडला होता.

खिडकीजवळच्या टेबलावर तीन गीझर उघडून ठेवले होते. तिन्ही एकाच बनावटीचे, तिन्हींवर एकाच दुकानाचा नारिंगी कागद चिकटवलेला. बाईंनी टेस्टरच्या टोकानं आतली अर्थिंगची हिरवी तार हलवली. ती सहज हातात आली. कुठेच जोडलेली नव्हती. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात तर ती तारच नव्हती, नुसतं बाहेरून दिसेल एवढं हिरवं टोक होतं.

बाईंचे हात क्षणभर थांबले. अशा गीझरमध्ये आत कुठे तार सुटली, तर नळ सोडणारा माणूस दुसऱ्यांदा नळ सोडत नाही.

त्यांनी समोरच्या काकूंना स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"अख्खी इमारत त्यांना डॉक्टर म्हणायची हो," काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "मिक्सर रुसला, इस्त्री रुसली, की न्या डॉक्टरांकडे. आमचाही गीझर, यांच्या धाकट्याच्याच दुकानातला, गेल्या आठवड्यात उतरवून आणला. म्हणाले, वहिनी, थंड पाण्यानं अंघोळ केलेली बरी. मुलाला सांगितलंय मी."

"काल तुम्ही आत आलात तेव्हा काय पाहिलं?"

"हिची किंकाळी ऐकून धावले. झाडूच्या दांड्यानं मेन खाली पाडला, हात नाही लावला बाई. सगळीकडे साबणाचं पाणी, पार बोळापर्यंत. आणि तो मेला पाईप! वर खुंटीला अडकवलेला, डॉक्टरांना उचलताना मध्ये मध्ये येत होता. मीच ओढून खाली टाकला."

"हे कुणाला सांगितलंत?"

"पाईपाचं? त्या गडबडीत कसलं पाईपाचं सांगतेय! आम्ही बायकांनी फरशी पुसून कोरडी खडखडीत केली, मग ही मुलं आली. आधी थोरला, मग धाकटा."

बाई बाहेर आल्या. सगळे तिथेच होते.

"धाकटे तुम्ही. दुकान चालवता ना?"

"हो. घरात लागणाऱ्या विजेच्या वस्तूंचं."

"इथे याआधी कधी आला होतात?"

"आठवडा झाला असेल. काल फोन आल्यावरच आलो. तेव्हापासून कपडेसुद्धा बदलले नाहीत, घरी गेलोच नाही."

"मला एक कोडं सुटत नाहीये. मशीनमधलं पाणी बोळापर्यंत आलं होतं. टब रिकामा आहे. वडिलांनी काम करता करता ते सोडून दिलं असेल का?"

"असेल की. पाईप खाली केला की—" तो थांबला, मग हसल्यासारखं करत म्हणाला, "नाही, तसं नाही. पाईप वर खुंटीला होता, मग पाणी आपोआप कसं जाईल? वहिनींनी मेन चालू केल्यावर पंप सुरू झाला आणि पाणी बाहेर आलं. सरळ आहे."

"सरळच आहे," बाई म्हणाल्या. "फौजदार, दार लावून घ्या."

फौजदारांनी दार लावलं.

"पाणी आपण होऊन वर चढत नाही," बाई नेहमीच्या हळू आवाजात सांगू लागल्या. "गाळणी बंद होती, पाईपाचं तोंड मशीनपेक्षा उंच होतं. त्या टबातलं पाणी फरशीवर येण्याचा एकच मार्ग. पंप चालायला हवा, आणि पंपाला वीज हवी. इथपर्यंत धाकटे बरोबर बोलले. पण सूनबाई घरात शिरल्या तेव्हा बोर्डाखाली पाय घसरला. हात टेकला. त्याच ओल्या हातानं त्यांनी खटका वर केला. साबणाचा डाग खटक्याच्या खालच्या कडेला अजून आहे. काकूंनी दांडा वरून मारला, त्यामुळे तो पुसला गेला नाही. म्हणजे मेनला त्यांचा हात लागण्याआधीच पाणी बोळात आलेलं होतं."

थोरला वळला.

"वीज आधी एकदा येऊन गेली होती," बाई म्हणाल्या. "तेव्हाच पंप चालला, टब रिकामा झाला, आणि तेव्हाच तुमचे वडील गेले. सूनबाईंनी ऐकली ती कोरडी घरघर रिकाम्या पंपाची होती. कुणीतरी टोपी काढली, मेन वर केला, पाणी पायाशी येईपर्यंत थांबलं, मेन पुन्हा पाडला. टोपी खुंटीवर ठेवली, आणि जो कुणी पुढे घरात येईल त्याच्यासाठी अंधार मांडून निघून गेलं."

"मी काल इथे नव्हतोच!" धाकटा म्हणाला.

"पाईप खुंटीला होता हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही आलात तेव्हा तो जमिनीवर होता. आत्ताही आहे. काकूंनी ओढायच्या आधी तो वर होता, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही; सूनबाईंना तर पाईपाचं भानच नव्हतं."

"अंदाज केला."

"आणि बाहेरचे तपकिरी बूट?"

त्यानं दाराकडे पाहिलं.

"तुमचेच ना?" फौजदारांनी विचारलं.

"या घरात बूट घालून कुणी येत नाही," बाई म्हणाल्या. "काल सगळे आले ते दारात पायताण काढून, आणि तेही फरशी पुसून झाल्यावर. तुमच्या बुटांवर साबणाच्या पाण्याची रेघ वाळली आहे. काल तुम्ही बूट काढायला थांबला नाहीत. थांबायचंच नव्हतं तुम्हाला. वडिलांनी काय सांगितलं होतं? अर्थिंग न जोडता विकलेले सगळे गीझर परत आणायचे?"

धाकट्यानं हातातला पेला अलगद टेबलावर ठेवला.

"चौकीवर जाणार होते," तो शेवटी म्हणाला. "स्वतःच्या मुलाला पकडून द्यायला. मी विनवण्या करायला आलो होतो, दादा, शपथ. दार उघडंच होतं. समोर ती टोपी. आतून ते गुणगुणत होते. मला वाटलं... मला काही वाटलंच नाही."

थोरल्यानं तोंडावर हात ठेवला. मग इतक्या वेळात पहिल्यांदा त्यानं बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

"बाई," तिनं विचारलं, "म्हणजे माझ्या हातानं नाही?"

"नाही. तुम्ही फक्त दिवा लावलात."

तिनं मांडीवरचे हात हळूच मिटले.

फौजदार धाकट्यासमोर उभे राहिले. "असे किती विकलेस?"

"दुकानातले आहेत तिथेच आहेत."

"बाकीचे? कुणाकुणाकडे?"

त्याची नजर वहिनीवर गेली आणि चटका बसल्यासारखी मागे फिरली. ती नजर तिनं टिपली.

"भाऊजी," ती उठली. "आमच्या आईकडचा. तुम्हीच नेऊन बसवलात. घरचा माणूस म्हणून."

त्यानं मान खाली घातली.

तिनं फोन उचलला. पलीकडे घंटा वाजत राहिली. वाजली, वाजली, थांबेल असं वाटलं, आणि कुणीतरी फोन घेतला.

"आई! न्हाणीघरात जाऊ नकोस. नळाला हात लावू नकोस. कारण विचारू नकोस!"

"अगं, हळू," पलीकडून म्हातारा आवाज आला. "टॉवेल खांद्यावर टाकून निघालेच होते. किती ओरडतेस!"

सून भिंतीला टेकली. बाईंनी एव्हाना दार उघडून चपलांत पाय घातले होते.

"पत्ता सांगा," त्या म्हणाल्या. "आणि फौजदार, तुम्ही याच्याकडून बाकीचे पत्ते काढा. सगळे. आत्ता."