दोन सेकंद शिळा

दुपारी दोन वाजले की रेडिओवाल्याच्या घरात एकच माणूस सगळं दोनदा बोलायचा. आधी दुकानात, मग स्वयंपाकघरात.

पुढची खोली म्हणजे रेडिओ दुरुस्तीचं दुकान. तिथे त्याचा स्वतःचा जुना रेडिओ, काटा फिरवून स्टेशन पकडायचा. मागे स्वयंपाकघरात बायकोने हौसेने आणलेला डिजिटल. ती शिंप्याकडचे शर्ट घरी आणून बटणं लावायची, आणि सोबतीला दुपारचा निवेदक. स्टेशन दोन्हीकडे एकच. रेडिओवाल्याने निवेदकाचं नाव ठेवलं होतं गोडबोल्या.

डिजिटलवर आवाज दोन सेकंद उशिरा पोचतो, हे त्याला धंद्यामुळे ठाऊक होतं. "तुझा गोडबोल्या माझ्याकडे ताजा येतो," तो म्हणायचा. "तुला मिळतो तो शिळा."

"शिळा असेना, स्वच्छ तर आहे. तुमच्याकडे नुसती खरखर. मला त्याने श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येतो."

तो श्वासच त्याला टोचायचा. खरखर असली की बोलणारा कसा कोसभर लांब वाटतो. हा मेला स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसल्यासारखा. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण आपला श्वास हिने कधी कान देऊन ऐकला का? खोटं कशाला बोला, तो जळत होता.

"सिग्नल जरा कमी झाला की ठार मुका होतो तुझा डबा," तो म्हणायचा. "माझा कितीही क्षीण झाला तरी कुजबुजतो." ती गालात हसून सुईत दोरा ओवायची.

एके दिवशी दुकानात गोडबोल्याने विनोद केला आणि मागे बायको हसली. सोल्डर करता करता रेडिओवाल्याचा हात थांबला. स्वयंपाकघरातला विनोद अजून व्हायचा होता.

भिंतीतून इकडचा आवाज गेला असेल, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने एका कानात इयरफोन घातला. ती तरीही आधीच हसली.

तिसऱ्या दिवशी मागचा आवाज इयरफोनच्या बरोबरीने आला. चौथ्या दिवशी मागचा आधी आला. त्याने मनगटावरचं घड्याळ लावून तीनदा पाहिलं. असं होऊच शकत नव्हतं.

पाचव्या दिवशी त्याच्या कानात गाणं चालू होतं आणि मागे गोडबोल्या बोलत होता. हळू, थांबत थांबत. मध्येच बायको म्हणाली, "हो ना. त्यांना नाही कळत."

तो तिरीमिरीत उठला. इयरफोनची पिन निसटली आणि दुकानातला रेडिओ मोठ्याने गाऊ लागला. स्वयंपाकघरात डिजिटलवर आता तेच गाणं होतं. डब्याच्या छोट्या पडद्यावर गाण्याचं नाव शहाण्यासारखं सरकत होतं.

"कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशी बोलणार?" तिने मान वर केली नाही.

"आजपासून हा डबा बंद." त्याने प्लगला हात घातला.

"अहो, तुम्ही ना उगीच जळ—"

त्याने प्लग उपटला. डब्याचा आणि तिचा, दोन्ही आवाज एकदम गेले.

सुई बटणाच्या भोकात अर्धी शिरून थांबली. तिचं तोंड उघडं होतं. डोळेही. त्याने तिचा खांदा हलवला. खांदा गरम होता, पण छाती हलत नव्हती.

प्लग पुन्हा लावताना त्याचा हात दोनदा चुकला. पडद्यावर अक्षरं उमटली: शोध सुरू. दुकानात गाण्याचं एक कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. गोडबोल्याच्या आवाजाची त्याने आयुष्यात पहिल्यांदा वाट पाहिली.

डब्यात गोडबोल्याने श्वास घेतला.

"—ता," ती म्हणाली, आणि तिने सुई पलीकडे ओढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतःच त्या डब्यापुढे बॅटरी घेऊन बसला. वीज गेली तरी डबा बंद पडता कामा नये. चालू सेटलाच जोडायचं होतं आणि तो भराभर तारा सोलत होता. शेजारी बायको बटणं लावत होती, स्वतःशीच हसत. असं हसू त्याने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात पाहिलं होतं.

"सावकाश," गोडबोल्या म्हणाला. "घाई करू नका. ती आहे माझ्याजवळ."

पुढे दुकानात जुन्या रेडिओवर कुणी एक बाई बातम्या वाचत होती.