काठावरचं खाचर

चिखलात माणूस गुडघ्यापर्यंत रुतलं की त्याला ना पुढं जाता येतं ना मागं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण? आमच्या पाथर्डीकडं चिखल व्हायला आधी पाऊस पडावा लागतो, आणि बहात्तर साली तर तो आमच्या शिवाराकडं फिरकलाच नाही. वर्षभर आम्ही दुष्काळी कामावर खडी फोडली. पुढच्या आषाढात घरची बाजरी कशीबशी पेरून झाली आणि आबा म्हणाले, "चला, डोंगराकडं भाताच्या आवणीला, रोपं लावायला जाऊ. म्हैनाभर पोटाला तरी मिळंल." म्हणून आबा, भीमाआत्या आणि मी, लंका, असे तिघं एस.टी.नं अकोल्यावरून भंडारदऱ्याच्या धरणाकडं आलो. धरणाच्या पोटात एक उंचवटा होता. त्यावर एकच घर, आणि घराभोवती उतरत गेलेली भाताची खाचरं. तिथं आमचं काम ठरलं होतं. धरण अजून भरायचं होतं, त्यामुळं मधल्या ओल्या गाळातून चालतच जायचं.

आबा आणि आत्या पुढं निघून गेले. मी एक पाय टाकला, दुसरा टाकला... आणि बसले की अडकून! डोक्यावर बोचकं, वरून भुरभुर पाऊस.

"हलू नको. हलशील तशी आनखी खाली जाशील," मागून कुणीतरी म्हणालं.

मान वळवून बघते तर डोक्यावर घोंगडीची खोळ घेतलेला एक पोरगा. उंच, सावळा, आणि... हसत होता मेला!

"हसायला काय झालं?"

"काई न्हाई. भाताचं रोप लावावं तशी उभी हायेस."

"मग उपटा की! नुस्तं बघत काय बसलाय?"

तो आणखीच हसला. जवळ येऊन त्यानं माझं कोपर धरलं. "आधी टाच उचल, मग बोटं... हां, आता वढ." पच्चकन आवाज करून पाय सुटला आणि मी जवळजवळ त्याच्या अंगावरच गेले. त्याच्या घोंगडीला ओल्या लोकरीचा आणि धुराचा वास येत होता. मी पटकन बाजूला झाले.

"नाव काय तुझं?"

"लंका."

"लंका? मग बराबर जागी आलीस. थोड्या दिसांत हितं चारी अंगांनी पानीच पानी व्हनार हाय."

घरी पोचल्यावर कळलं, तो गोरक्ष. ज्यांच्या घरी आम्ही कामाला आलो त्या आक्काबाईंचा एकुलता एक मुलगा. घरात दोघंच मायलेकरं. म्हणजे पहिल्याच भेटीत मी मालकाला 'उपटा की' म्हणाले होते. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण म्हटलं, लंके, आता माघार नाही. तेव्हापासून मी त्याला 'ओ मालक'च म्हणायला लागले. तो चिडायचा, आणि त्याला चिडलेलं बघायला मला फार आवडायचं.

काम असं की गोरक्ष आणि आबा औत धरून खाचरात चिखल करायचे आणि आम्ही बायका डोईवर पानांचं इरलं घेऊन, वाकून, मागं मागं सरत रोपं लावायच्या. मी पहिल्या दिवशी कांदा लावावा तशी पुढं पुढं निघाले आणि लावलेलं सगळं आपल्याच पायानं तुडवलं. भीमाआत्यानं कपाळाला हात लावला. गोरक्ष औत थांबवून म्हणाला, "पाथर्डीत भात असाच लावत्यात काय?"

"आमच्या पाथर्डीत भात फकस्त ताटात लावत्यात, मालक. ते बी सनाला!"

आक्काबाई तर हसून हसून बांधावरच बसल्या.

आणि मग एका सकाळी उठून बाहेर आले, तर ज्या गाळात मी रुतले होते तो गाळच दिसेना. चारी बाजूंनी पाणी! करडं, शांत, पार रतनगडाच्या ढगापर्यंत गेलेलं. घराचं बेट झालं होतं. मी कितीतरी वेळ नुसती बघत उभी राहिले. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? गेल्या उन्हाळ्यात टँकरच्या मागं धावताना माझी घागर फुटली होती आणि आई त्या ओल्या मातीकडं बघून रडली होती. आणि इथं एवढं पाणी... कुणी राखणीला सुद्धा नव्हतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी काम उरकलं की मी काठावर जाऊन बसायची. पाय पाण्यात सोडायचे. पावसाची सर समोरच्या डोंगरावरून निघायची, पाण्यावरून चालत चालत माझ्यापर्यंत यायची आणि मला भिजवून पुढं जायची. गोरक्ष होडी बांधायच्या निमित्तानं तिथं यायचा. होडी तर आधीच बांधलेली असायची.

"रोज रोज काय बघतीस गं एवढं?"

"पानी."

"पानी काय बघायचं?"

"तुमाला न्हाई कळायचं. तुमी पान्यात जन्मलाय."

तो माझ्यापासून हातभर अंतर सोडून बसला आणि तोही बघायला लागला. पाण्याकडं नाही... पण मी मान वळवली की त्याची नजर झटकन पाण्यावर जायची. त्या महिन्यात मला धड भूक लागली नाही, आणि आक्काबाईंच्या हातचा खेकड्याचा रस्सा असतानाही नाही लागली, म्हणजे बघा!

पण सुख असं निवांत राहू देतं होय? एकदा रोपं लावता लावता आत्या आक्काबाईंना म्हणाली, "घरी गेलं की लंकेचं लगीन उरकायचं म्हनतोय दादा. खालच्या वाडीतलं पोरगं बघितलंय त्यानं. ऊसतोडीला जोडी लागती बाई. नवरा-बायकू मिळून एक कोयता. एकट्याला कोन मुकादम नेतोय?"

माझ्या हातातली रोपांची मूठ तशीच राहिली. दिवाळी झाली की ऊस. म्हणजे त्याआधी लग्न. पलीकडं गोरक्ष औत हाकत होता. त्यानं ऐकलं होतं, कारण बैल भलतीकडंच वळले.

मी वाट बघायला लागले. आज बोलेल, उद्या बोलेल... एरवी तोंडाचा पट्टा थांबायचा नाही, आणि नेमकं हे बोलायचं म्हटलं की गडी मुका! काठावर बसला की म्हणायचा, "लंका..." मी म्हणायची, "काय?" आणि तो म्हणायचा, "...ढग लई हायेत आज." अरे, ढग काय मला दिसत नव्हते?

शेवटी आवणी संपली. आबांनी बैलांच्या मानेवरचं जू काढलं आणि म्हणाले, "झालं बाबा. उद्या सकाळी आमाला पलीकडं सोड." मी इरलं काढून हातात धरलं आणि खाली बघत राहिले. मान वर केली असती तर सगळ्यांना दिसलं असतं.

"कुटं झालं?" गोरक्ष एकदम म्हणाला. "काठावरचं खाचर ऱ्हायलंय की अजून!"

आक्काबाईंनी त्याच्याकडं बघितलं. काही बोलतील असं वाटलं, पण त्या डोक्यावरचा पदर सारखा करून घरात गेल्या.

खरंच, अगदी खाली पाण्याला लागून एक खाचर होतं. माझ्या लक्षातच नव्हतं आलं. आणखी दोन दिवसांचं काम! मला तर नाचावंसं वाटलं. ते दोन दिवस मला अजूनही स्वप्नासारखे आठवतात. आभाळ खाली उतरलेलं, धुक्यात पलीकडचा काठ पुसून गेलेला, आणि जगात जणू तेवढं एकच खाचर. गोरक्ष इतका सावकाश चिखल करत होता की बैल उभ्या उभ्या झोपायला लागले. मीही काही कमी नव्हते. एकेक रोप असं जपून लावत होते, की आत्या म्हणाली, "अगं, भात लावतीस का देव बसवतीस?"

रोपांची मूठ देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. त्यानं हात मागं घेतला नाही. मीही नाही.

"लंका..."

"काय?"

"...नीट लाव हां."

देवा! मी ती मूठ त्याच्या डोक्यात घालणार होते.

जायच्या दिवशी सकाळी आक्काबाईंनी तांदळाचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि नुसता माझ्या गालावरून हात फिरवला. आबा आणि आत्या सामान घेऊन होडीकडं निघाले. मी म्हटलं, आपलं खाचर एकदा डोळे भरून बघून घेऊ. म्हणून खाली धावले... आणि किंचाळलेच.

खाचर बुडालं होतं! बांध कधीच पाण्याखाली गेला होता, आणि रोपांची फक्त टोकं वर दिसत होती. गाठोडं टाकून मी तशीच पाण्यात शिरले आणि रोपं उपटायला लागले. दोन्ही हातांनी, मिळतील तेवढी.

"ओ मालक! अवो धावा! भात बुडालं!"

गोरक्ष धावत आला आणि काठावरच थांबला. "ऱ्हाऊ दे लंका. बाहीर ये."

"ऱ्हाऊ दे कसं? दानं हाय ते!"

"अगं, हे दर साली बुडतं. धरन अजून भरतंय. म्हनून तर हितं कुनी लावत न्हाई."

मी गुडघाभर पाण्यात उभी राहिले. आमच्या विहिरीचं पाणी रोज खाली जातं. पाणी रोज वर चढतं, हे मला कसं ठाऊक असणार? चहूकडून आलं म्हणजे धरण भरलं, असं मी आपलं धरून चालले होते. पण याला तर ठाऊक होतं...

"मग लावलं कशाला?"

त्यानं मान खाली घातली. "तू जानार हुतीस. दुसरं काय सुचंना मला."

"आन आक्काबाई?"

"रोपं तिनंच काढून दिली."

माझ्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी यायला लागलं, आणि तोंडानं मात्र मी भांडतच होते. "लाज न्हाई वाटत? आमच्याकडं मूठभर दान्यासाठी मानसं खडी फोडत्यात, आन तुमी खाचरभर भात बुडवलं! तोंडानं बोलता येत नव्हतं?"

"काय बोलू?" आता तोही ओरडला. "चार म्हैने हितं रस्ता न्हाई. कोन आजारी पडलं तर होडी, मीठ आनायचं तर होडी. दोन पोरींच्या बापांनी पानी बघूनच न्हाई म्हनलं. तुज्या आबांना मी कुठल्या तोंडानं मागू तुला?"

"पानी बघून भ्यायला मी काय त्या पोरींचा बाप हाय?" मी पदरानं नाक पुसलं. "आबांना इच्यारा. मला इच्यारायचं ऱ्हायलंच असलं, तर ऐका. माझं हो हाय."

आबांची हाक आली. हात देऊन त्यानं मला वर घेतलं. आम्ही होडीत बसलो. आक्काबाई काठावर उभ्या राहिल्या, लहान होत गेल्या, मग धुक्यात दिसेनाशा झाल्या. वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा येत होता. गोरक्षचा चेहरा पांढराफटक. म्हटलं, गेलं. हा काही बोलत नाही. आता पलीकडं एस.टी., मग अकोले, मग नगर... मग कोयता.

आणि पाण्याच्या मधोमध त्यानं वल्हं उचलून होडीत ठेवलं.

"काय रं, काय झालं?" आबांनी दोन्ही हातांनी होडीची कड धरली. त्यांना पाण्याची फार भीती.

"आबा, तुमची लंका मला द्या."

"आँ?"

"मी तिला ऊस तोडू द्यायचो न्हाई. भात हाय, नागली हाय, दुभतं हाय. रस्ता न्हाई, ते खरं हाय. पन ती म्हनती चालंल."

"अरं बाबा, आधी काठाला तरी लाव! मग बोलू की!"

"न्हाई आबा. काठाला लागलं की माझं तोंड उघडायचं न्हाई. मला ठाव हाय."

भीमाआत्या तोंडाला पदर लावून हसायला लागली. होडी जागच्या जागी हळूहळू फिरत होती. आबांनी एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं, आणि मग माझ्याकडं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"त्या वाडीच्या पोराला मी अजून सबूद दिलेला न्हाई. पन लंके, घरापासनं लई लांब हाय हे. करमंल तुला हितं?"

महिनाभर सगळ्यांना उलटून बोलणारी मी... नुसती होकाराची मान डोलावली. आबांनी डोळे पुसले आणि पाऊस लागला म्हणाले.

"मग माघात बार उडवू. तवर हिला तिच्या आईकडं ऱ्हाऊ दे. वल्हव आता, माझा जीव जातोय हितं!"

गोरक्षनं वल्हं घेतलं आणि असा काही जोरात मारायला लागला की पाणी आमच्या अंगावर उडायला लागलं. धुकं दाट होतं. तो माझ्याकडं बघून हसत होता, मी त्याच्याकडं, आणि होडी सपासप चालली होती. बऱ्याच वेळानं समोर काठ दिसायला लागला, एक घर, आणि दारात कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या आक्काबाई.

"अरं येड्या!" आबा ओरडले, "परत तुज्याच घरी आनलंस की!"

गोरक्ष कानापर्यंत लाल झाला. होडी उलटी वळलीय, हे मला मघाच कळलं होतं. मी मुद्दामच काही बोलले नव्हते.